रजा आणि रुजू यांच्या दरम्यान

सरकारी कचेरी असो, शाळा असो वा बँक असो, नोकरदाराच्या शरीराची नोंद आपल्याकडे दोनच कागदांवर होते. पहिला कागद सांगतो की, सदर इसम आजारी असून अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामावर येण्यास असमर्थ आहे. दुसरा कागद सांगतो की, सदर इसम आता पूर्णपणे बरा झाला असून कामावर रुजू होण्यास पात्र आहे. पहिल्यावर रजा मंजूर होते, दुसऱ्यावर हजेरीपटात सही करता येते. या दोन कागदांच्या दरम्यान शरीराची आणखी एखादी अवस्था असू शकते, हे आस्थापना शाखेला मान्य नाही. मान्य नाही म्हणण्यापेक्षा, ती नोंदविण्यासाठी तिच्याकडे रकानाच नाही.

वास्तविक नोकरदारांचा आणि श्रमजीवींचा एक फार मोठा वर्ग याच मधल्या अवस्थेत वर्षानुवर्षे राहत असतो. फळ्यावर लिहिताना खांदा वर जात नाही अशी शिक्षिका, दिवसभर कळफलक बडविल्याने मनगट आणि कोपर ठणकणारा लिपिक, तिसऱ्या मजल्यावरच्या दप्तराकडे जाताना जिन्याचा कठडा धरणारा शिरस्तेदार, तीन तासांची उत्तरपत्रिका लिहिताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येणारा विद्यार्थी, ही माणसे आजारी म्हणावीत तर त्यांना ताप नाही, हाड मोडलेले नाही, क्ष-किरण चित्रात नजरेत भरण्यासारखे काही नाही. बरी म्हणावीत तर सकाळी उठून तांब्या उचलणे हीदेखील त्यांना परीक्षा वाटते. ‘वयोमानाप्रमाणे व्हायचेच’, ‘वात असेल’, ‘थोडी विश्रांती घ्या’ या तीन वाक्यांवर त्यांची बोळवण होते.

या वर्गाचा आकार लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हाडे, सांधे, स्नायू व कंडरा यांच्या विकारांनी जगातील सुमारे १७१ कोटी लोक ग्रस्त आहेत. माणसाला अपंगत्व आणणाऱ्या कारणांमध्ये या विकारांचा वाटा सर्वांत मोठा आहे. सांध्यांच्या झिजेने होणाऱ्या संधिवाताचे २०१९ मधील रुग्णच ५२ कोटींहून अधिक होते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ६० टक्के होते. ज्या दुखण्याने माणसे मरत नाहीत त्या दुखण्याकडे समाजाचे आणि शासनाचे लक्ष उशिरा जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. परंतु अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने पाहता, माणसे ज्याने मरत नाहीत पण काम करू शकत नाहीत अशा दुखण्याची किंमत समाज रोज मोजत असतो.

विश्रांतीची महती आणि तिची मर्यादा

दुखऱ्या अवयवाला विश्रांती द्यावी, ही समजूत केवळ आजीबाईच्या बटव्यातली नाही. एकोणिसाव्या शतकातील शल्यशास्त्राने तिला प्रतिष्ठा दिली. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदना या विषयावरील व्याख्याने १८६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढील दोनतीन पिढ्यांच्या डॉक्टरांनी ती प्रमाण मानली. मोडलेल्या हाडाला आणि सुजलेल्या ताज्या दुखापतीला स्थिरता हवीच, यात वाद नाही. परंतु जे काही आठवड्यांचे औषध होते ते वर्षांचे पथ्य होऊन बसले, आणि तेथेच घोटाळा झाला.

या अंधश्रद्धेला पहिला मोठा धक्का १९४७ मध्ये बसला. रिचर्ड ॲशर या ब्रिटिश वैद्याने अंथरुणावर पडून राहण्याचे धोके सांगणारा लेख त्या वर्षी प्रसिद्ध केला. पडून राहिल्याने सांधे आखडतात, स्नायू सुकतात, हाडे ठिसूळ होतात आणि मनही खचते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे आकडेवारीनेही त्याला दुजोरा दिला. १९८६ मध्ये अमेरिकेत कंबरदुखीच्या रुग्णांची दोन गटांत विभागणी करून एका गटास दोन दिवस व दुसऱ्या गटास सात दिवस झोपून राहण्यास सांगण्यात आले. बरे होण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. मात्र दोन दिवसांच्या गटाचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. १९९५ मध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या पाहणीत तर, जमेल तितके नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण झोपून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सुधारल्याचे आढळले.

कंबरेबाबत जे दिसले तेच हळूहळू कंडरांबाबतही दिसून आले. स्नायू ज्या चिवट दोरीने हाडाला बांधलेला असतो ती दोरी म्हणजे कंडरा. तिच्या जुनाट दुखण्याला पूर्वी सरसकट ‘सूज’ समजले जाई आणि सूज उतरेपर्यंत तो अवयव न वापरणे हाच उपाय मानला जाई. स्वीडनमधील उमेओ येथील अस्थिशल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच टाचेमागच्या कंडरेचे दुखणे होते. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी वरिष्ठांकडे विनंती केली. ती नाकारली गेली. तेव्हा कंडरा तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा त्राग्याने त्यांनी दुखत्या पायावर मुद्दाम भार घ्यावयास सुरुवात केली. कंडरा तुटली नाही; उलट दुखणे कमी झाले. या अनुभवावरून त्यांनी आखलेला व्यायाम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडावयाची. दिवसातून दोनदा, बारा आठवडे, रोज एकूण १८० वेळा. दुखले तरी थांबावयाचे नाही, आणि दुखेनासे झाले की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवावयाचे. त्या पाहणीतील पंधराही रुग्ण पुन्हा धावू लागले. पंधरा ही संख्या लहान आहे आणि पुढील प्रयोगांत हा गुण प्रत्येकाला आला असेही नाही. पण विचाराची दिशा त्यामुळे बदलली, हे निश्चित.

या बदलामागील शरीरशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो व उतरतो, तेव्हा आतील द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो आणि तोच तिचा आहार असतो. न हलविलेला सांधा हा म्हणूनच उपाशी सांधा असतो. कंडरेची गोष्ट आणखी विलक्षण आहे. १९५५ ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण वाढले होते. त्याचा माग काढून डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखविले की, टाचेमागच्या कंडरेचा गाभा माणसाच्या पहिल्या सतरा वर्षांत घडतो आणि त्यानंतर तो जवळजवळ बदलत नाही. म्हणजे चाळिशीतील माणूस ज्या कंडरेवर चालतो ती बहुतांशी त्याच्या शाळकरी वयातलीच असते. तेव्हा स्वस्थ पडून राहिल्याने ती नवी होऊन येईल, ही आशा व्यर्थ होय. तिची आणि तिच्या स्नायूची भार पेलण्याची शक्ती वाढविणे एवढेच हाती असते, आणि ती शक्ती भार दिल्यानेच वाढते.

किती दुखले तर चालेल?

येथे एक प्रामाणिक शंका उद्भवते. दुखत असताना हालचाल करावयाची तर किती दुखू द्यावे? ‘वेदना म्हणजे इजा’ हे समीकरण माणसाच्या मनात इतके खोल रुजलेले असते की, पहिली कळ आली की तो थांबतो. दुसऱ्या टोकाला, दुखणे म्हणजे मनाचा दुबळेपणा असे मानून दात-ओठ खात राबणारेही असतात. दोघेही चुकतात.

स्वीडनमध्येच या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर शोधले गेले. शून्य म्हणजे मुळीच वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना अशी मोजपट्टी कल्पून, वेदना पाचापर्यंत गेली तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती पूर्वपदावर आली पाहिजे आणि आठवड्यागणिक ती वाढता कामा नये, असा हा दंडक आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या दंडकाच्या आधाराने धावणे-उड्या मारणे चालू ठेवणारे रुग्ण, ते सर्व बंद ठेवून केवळ व्यायाम करणाऱ्यांच्या मागे पडले नाहीत. या दंडकाचे महत्त्व असे की, त्यात ‘दुखते की नाही’ या प्रश्नाऐवजी ‘सकाळी काय शिल्लक राहते’ हा प्रश्न विचारला जातो. हिशेब रोजचा नाही, दुसऱ्या दिवशीच्या बाकीचा आहे. जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाला ही भाषा परकी वाटू नये.

या हिशेबात मुख्य शत्रू भार हा नसून एकाएकी वाढणारा भार हा आहे. अकरा महिने बैठे काम करून आषाढात अडीच आठवडे पायी वारी करणाऱ्याची श्रद्धा थोर असली, तरी त्याच्या गुडघ्यांना ती एकदमच कळते. वैशाखापासून रोज थोडेथोडे चालून जो वारीला निघतो त्याचे शरीर तेच अंतर निराळ्या रीतीने सोसते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी प्रसार केलेल्या सूर्यनमस्कारांविषयीही हेच म्हणता येईल. तरुणपणी रोज घातलेले नमस्कार पन्नाशीत, दुखऱ्या मनगटांवर, एका संक्रांतीपासून एकदम शंभर घालावयास घेणे हा व्यायाम नव्हे, साहस होय.

अर्थात प्रत्येक सांधेदुखी या एकाच न्यायाने चालत नाही, हे बजावून सांगितले पाहिजे. सकाळी तास-तासभर आखडणारी बोटे, दोन्ही हातांचे सुजलेले सांधे, ताप, घटणारे वजन किंवा रात्री झोपू न देणारी वेदना ही लक्षणे असतील, तर ते आमवातासारख्या अथवा त्याहून गंभीर विकाराचे चिन्ह असू शकते. आमवातात वेळेवर औषधे सुरू झाली नाहीत तर सांधे कायमचे वाकडे होतात; तेथे चालण्या-फिरण्याची महती सांगून औषध टाळणे हा गुन्हाच ठरेल. चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी हीदेखील महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत या रोगाची साथ आली होती. त्यानंतर तीन दशके तो जवळजवळ विस्मृतीत गेला आणि २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद करून परतला. ज्या आफ्रिकी बोलीतून हे नाव आले तिच्यात त्याचा अर्थच ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. ताप चार-सहा दिवसांत उतरला, पण कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहिले. रजेचा कागद तापाबरोबर संपला. दुखणे संपले नाही.

उसनवारीचा आराम

संथपणे शक्ती वाढविण्याचा मार्ग तीन ते सहा महिन्यांचा असतो आणि नोकरदाराची रजा पंधरा दिवसांची असते. या तफावतीतूनच तात्काळ आरामाची बाजारपेठ उभी राहते. दुखऱ्या जागी स्टेरॉईडचे इंजेक्शन घेतले की कोपर चार-आठ दिवसांत मोकळे होते. पण ऑस्ट्रेलियातील १६५ रुग्णांवरील एका अभ्यासाने २०१३ मध्ये दाखविले की, वर्षाअखेरीस इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ८३ टक्के, तर नुसत्या मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के रुग्ण बरे झालेले होते. दुखणे उलटण्याचे प्रमाण पहिल्या गटात ५४ टक्के आणि दुसऱ्यात अवघे १२ टक्के होते. सावकाराकडून घेतलेल्या कर्जासारखाच हा व्यवहार आहे. रोकड ताबडतोब हाती पडते; व्याज वर्षभर फेडावे लागते. सर्वच दुखण्यांत इंजेक्शन त्याज्य आहे असा याचा अर्थ नव्हे. परंतु उद्या कामावर जाता यावे एवढ्याच हेतूने ते घेणाऱ्याला ही व्याजाची बाजू सांगितली जाणे आवश्यक आहे. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच आहे. दुकानातून सहज मिळणाऱ्या या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडे त्यांची किंमत मोजतात.

शासनाने या क्षेत्रात काहीच केले नाही असे नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची सरासरी छापील किंमत सुमारे १ लाख ५८ हजार रुपये होती. ती कर वगळता ५४,७२० रुपयांवर आणली गेली. या निर्णयाने असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांना दिलासा मिळाला, हे निःसंशय. परंतु हा हस्तक्षेप प्रवासाच्या शेवटच्या थांब्यावरचा आहे. त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत, गुडघा दुखू लागल्यापासून तो बदलण्याची वेळ येईपर्यंत, रुग्णाला मार्गदर्शन करणारा व्यायामोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी कितीसा आढळतो? डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघे व नितंबाच्या संधिवाताच्या रुग्णांसाठी दोन-तीन शिकवण्या आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालील बारा व्यायामसत्रे असा साधा कार्यक्रम चालतो आणि इतर अनेक देशांनी तो उचलला आहे. व्यायामाने वेदना पूर्णपणे जाते असे कोणी म्हणत नाही. सरासरी लाभ माफकच आहे. पण त्याला यंत्र लागत नाही, शस्त्रक्रियागृह लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित माणूस, सतरंजी आणि नियमितपणा. ज्या वस्तूला बाजारभाव नसतो तिची मागणी कोणी करत नाही, आणि मागणी नाही म्हणून ती पुरविलीही जात नाही.

विश्रांती कोणाला परवडते?

येथवरचे विवेचन शरीराचे झाले. परंतु ‘बेताने भार द्या, हळूहळू वाढवा’ हा सल्ला अंमलात आणण्यासाठी स्वतःच्या कामाचा भार स्वतःच्या हाती असावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेकांच्या हाती नसतो.

ऊसतोडणी कामगारांचे उदाहरण घ्यावे. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास फडाकडे निघणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर फिटत जाते. वाकून बुंध्याशी तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन गाडीवर चढविणे, ही कामे पहाटेपासून चालतात. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंडही कापला जातो. जोडीतील एकाचा खांदा धरला तर दुसऱ्याची मजुरीही अडते, कारण कोयता अर्धा चालत नाही. या माणसांना हालचालीची कमतरता नाही. त्यांना कमतरता आहे ती हालचाल कमी-जास्त करण्याच्या अधिकाराची. शहरी डॉक्टराने ‘चालते-फिरते राहा’ म्हणावे आणि त्यांनी हसावे, अशीच ही स्थिती आहे.

लेखणीवर जगणाऱ्यांचा प्रश्न याच्या उलट आहे. तेथे शरीर स्थिर आणि हात तेवढे अखंड चालू. ही गोष्ट संगणकाने आणलेली नाही. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचे जनक मानले जाणारे इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेल्या आणि १७१३ मध्ये वाढविलेल्या ग्रंथात कारकुनांच्या व्याधींचा विचार केलेला आहे. सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अविरत हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण ही तीन कारणे त्यांनी सांगितली. लिहून लिहून उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहावयास शिकलेल्या आणि अखेर डावा हातही गमावून बसलेल्या एका लेखनिकाची हकीकतही त्यांनी नोंदविली आहे. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारलाच पाहिजे, हा आग्रह त्यांचाच. तीन शतके उलटून गेली. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत हा प्रश्न आजही क्वचितच विचारला जातो.

कायद्याच्या यादीतही त्याचे प्रतिबिंब दिसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत मनगटाच्या कंडरांचे जुनाट विकार, कोपराचे दुखणे, वारंवार गुडघ्यांवर बसल्याने होणारे विकार यांचा स्पष्ट समावेश आहे. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ रोग होते. त्यांत शिशाची व पाऱ्याची बाधा होती, सिलिकोसिस होता, गोंगाटाने येणारे बहिरेपण होते. परंतु तीच ती हालचाल हजारदा केल्याने झिजणाऱ्या कंडरेला तेथे जागा नव्हती. २०२० च्या नव्या संहितेच्या अनुसूचीनेही तोच साचा पुढे चालविला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘वाजवी सोयी-सवलती’ ही मोलाची कल्पना आणली, पण त्यात नमूद केलेल्या २१ प्रकारांच्या आणि ४० टक्क्यांच्या मोजपट्टीच्या आत दुखऱ्या खांद्याची शिक्षिका सहसा येत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते, ही चांगली तरतूद आहे. परंतु ती मिळते काम पूर्ण बंद ठेवल्यावर. निम्मे काम करीत बरे होऊ पाहणाऱ्यास ती काही देत नाही. म्हणजे जो मार्ग वैद्यकाला श्रेयस्कर वाटतो, त्याच मार्गाला व्यवस्था दंड करते.

मधला रकाना

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये आजारपणाच्या दाखल्याचे स्वरूप बदलले. डॉक्टरला ‘कामास अपात्र’ याबरोबरच ‘पुढील सवलती दिल्यास कामास पात्र असू शकेल’ असेही लिहिण्याची सोय झाली. टप्प्याटप्प्याने कामावर परतणे, वेळेत बदल, कामाच्या स्वरूपात बदल आणि जागेवरील सोयी, असे चार पर्याय त्यावर छापलेले असतात. या बदलाने तेथील सर्व प्रश्न सुटले असे नाही. मालकाने सवलत देण्याचे नाकारले तर तो माणूस अपात्रच धरला जातो. तरीही मधल्या अवस्थेला कागदावर जागा मिळाली, हे लहान पाऊल नव्हे.

आपल्या कचेऱ्या-शाळांना असा तिसरा रकाना सुरू करण्यास पैशांपेक्षा इच्छाशक्ती अधिक लागेल. खांदा दुखणाऱ्या शिक्षिकेला दोन महिने फळ्याचे तास कमी आणि तोंडी परीक्षांचे अधिक देणे, गुडघे दुखणाऱ्याचा वर्ग तळमजल्यावर आणणे, टंकलेखकाला तासातून पाच मिनिटे उठण्याची आणि दोन आठवडे नस्त्या लावण्याच्या कामाची मुभा देणे, निवडणुकीच्या किंवा गणनेच्या कामातून तेवढ्यापुरती सूट देणे, यांपैकी कशालाही अंदाजपत्रकात नवे शीर्ष उघडावे लागत नाही. परीक्षार्थीला जादा वेळ देण्याची पद्धत आहेच. हाताच्या तात्पुरत्या दुखण्यासाठी तिची वाट सोपी करता येईल.

यावर पहिला आक्षेप येईल तो कामचुकारपणाचा. दुखणे दिसत नाही, तेव्हा कोणीही ते सांगेल, ही भीती अगदीच निराधार नाही. पण विचार केला असता असे दिसते की, गैरवापराला अधिक वाव सध्याच्याच पद्धतीत आहे. पूर्ण रजा अथवा पूर्ण काम एवढेच पर्याय असतील, तर अर्धवट दुखणारा माणूस पूर्ण आजारी असल्याचा दाखला आणतो, कारण अर्धा दाखला मिळतच नाही. मुदतबंद, दर पंधरवड्याला तपासली जाणारी आणि क्रमाने वाढत जाणारी कामाची वाटणी ही लबाडाच्या फारशी उपयोगाची नसते. त्याला रजाच हवी असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकाचे काम हलके केले तर ते दुसऱ्याच्या अंगावर पडते, आणि दोनशिक्षकी शाळेत अथवा तीन माणसांच्या टपाल कार्यालयात ‘दुसरा’ असतोच कोठे? रिक्त पदे न भरण्याच्या धोरणाची ही एक न मोजलेली किंमत आहे. सहकाऱ्याच्या सौजन्यावर चालणारी व्यवस्था फार काळ चालत नाही. तिच्यामागे पुरेसे मनुष्यबळ असावेच लागते.

आणि जेथे हजेरीपटच नाही तेथे काय? तेथे केवळ दाखल्याचा रकाना बदलून भागणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु महाराष्ट्राने याबाबत एकदा वाट दाखविलेली आहे. पाठीवर आणि डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. अनेक मालकांकडे विखुरलेल्या हमालांची मंडळामार्फत नोंदणी झाली, मजुरीवरील आकारणीतून त्यांच्या रजेची, निर्वाहनिधीची आणि औषधोपचाराची तजवीज झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तर १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंवर आणण्याची शिफारस केली होती. ज्या राज्याने हमालाची पाठ मोजली, त्याला उसाच्या मोळीचे वजन ठरवून देणे, दुखण्याच्या दिवशीचा खाड्याचा दंड बंद करणे आणि गाळप हंगामात फडावर उपचाराची सोय करणे जमू नये, असे मानण्याचे कारण नाही.

सांध्यांचे आणि कंडरांचे जुनाट दुखणे हे बहुधा पूर्ण जात नाही; त्याच्यासह जगावे लागते. अशा जगण्यात धीर हवा, पण तो एकट्या रुग्णाकडून मागणे अन्यायाचे होईल. शरीराला आज जेवढे पेलते त्याहून किंचित अधिक उद्या पेलावयास लावणे, हा उपचार घरी पंधरा मिनिटे चालतो आणि कामाच्या जागी आठ तास मोडला जातो. घरातल्या पंधरा मिनिटांची जबाबदारी माणसाची आहे. उरलेल्या आठ तासांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आस्थापना शाखेच्या टेबलावर अद्याप पोहोचलेलाच नाही. तो पोहोचेपर्यंत लाखो माणसे रजेच्या कागदावर खोटी आजारी आणि रुजू होण्याच्या कागदावर खोटी बरी ठरत राहतील.